पुढं आलेला हात

१

तुम्ही कधी नुसता हात बघून माणूस ओळखलाय का? चेहरा नाही, आवाज नाही, नुसता मनगटापासून पुढचा हात?

बारामतीला लागून असलेल्या जळोचीतल्या बिस्मिल्लाबीला ते जमायचं. बांगड्या भरण्यात तिचा जन्म गेला होता. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान. तीन भिंतींना बांगड्यांच्या फळ्या, मधे सतरंजी, सतरंजीवर ती आणि तिच्यासमोर एखादी बाई. बाईनं हात पुढं केला, की बिस्मिल्लाबी अंगठ्याखालचा उंचवटा एकदा दाबून बघायची आणि मागं न वळता बरोबर मापाची बांगडी काढायची. सव्वादोन नाहीतर अडीच, माप कधी चुकलं नाही. रस्त्यात भेटलेल्या बाईचं नाव ती विसरायची, पण तिनं पदर सावरायला हात वर केला की लगेच म्हणायची, "अगं, तू काटेवाडीची न्हवं? डाव्या हाताचं हाड जरा मोठं असलेली?"

त्या दिवशी लोणी भापकरची जयवंताक्का आली होती. तिच्या नातीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. जयवंताक्काचा स्वतःचा चुडा बिस्मिल्लाबीच्या सासूनं भरला होता, तिच्या लेकीचा बिस्मिल्लाबीनं.

"आता नातीचाबी तूच भरायचा, भाभी. दुसरं कुणी आमच्या उंबऱ्यात चालायचं न्हाय."

"मी काय मरायला टेकलीय का? भरीन की. आलीच हायस तर तू बी हात कर पुढं."

दोघी हसत होत्या. चौथी बांगडी चढताना कट्कन आवाज झाला आणि जयवंताक्काच्या मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला.

"वाढली," बिस्मिल्लाबी पटकन म्हणाली. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं.

"वाढू दे. म्हशीचं दूध काढून काढून हातच राठ झालाय मेला," जयवंताक्का म्हणाली. पण पुढचीही वाढली, तेव्हा ती हसली नाही. "भाभी, डोळ्यानं नीट दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की. तुझी भुवई पिकली ती पण दिसती."

पण उजवा डोळा क्षणभर मिटला, तर भुवई दिसत नव्हती. जयवंताक्काचं नाक, तोंड, कपाळ, सगळं एका करड्या डागाआड गेलं होतं. कडेनं कान आणि पदर तेवढा राहिला होता.

उजवा हात झाला, डावा झाला. कुणी एक हात भरून उठत नसतं. उठताना जयवंताक्कानं रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला. वयानं बरोबरीची असली तरी चुडा भरणाऱ्या हातांना नमस्कार करायचाच.

"पुन्हा भरायला ये," बिस्मिल्लाबी म्हणाली. समोरचीला 'जा' म्हणायचं नाही, हे तिच्या सासूनं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तेव्हापासून ते वाक्य तिच्या तोंडून श्वासासारखं निघायचं, ते निघाल्याचं तिला कळतही नसे.

दारात चप्पल घालता घालता जयवंताक्का म्हणाली, "नातीच्या चुड्याला शबीनालाबी संगं आण. म्हंजे... असू दे आपली हाताखाली."

शबीना म्हणजे बिस्मिल्लाबीची सून. तिला घेऊन येण्यात वावगं काहीच नव्हतं. पण जयवंताक्का गेल्यावर बिस्मिल्लाबी बराच वेळ काचेचे तुकडे वेचत बसली.

२

शबीनानं तिला भिगवण रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम शांत होत्या, घाई करत नव्हत्या.

"मावशी, साखरेमुळं डोळ्यामागच्या पडद्यात पाणी झिरपतंय. डाव्या डोळ्यात, नेमकं मध्यावर. आपण लेसर देऊ. नंतर दर वेळी पडद्याचा फोटो काढू. पाणी सुकतंय की कायमचं मुरतंय, ते फोटोवरून आधीच कळतं."

लेसर झाला. हिरव्या उजेडाचे बारीक बारीक चटके. दुखलं असं नाही. पण प्रत्येक चटक्याला डोळ्याच्या आत कुणीतरी दचकतंय असं वाटायचं. तिनं ते मॅडमना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

काही आठवड्यांनी लेसरनंतरचा पहिला फोटो होता. फोटोची खोली लहान होती. खिडकीला काळा पडदा, वर कुरकुरणारा पंखा, मधे मशीन. मशीनवर छकुली नावाची मुलगी बसायची. इंदापूर तालुक्यातल्या डाळजची, रोज एसटीनं येणारी. तिच्या हातात बिस्मिल्लाबीनंच श्रावणात भरलेल्या बांगड्या होत्या.

"चाची, हनुवटी हितं टेकवा. कपाळ पुढं. हां. आत हिरवी फुली दिसती का?"

"दिसती."

"तिच्याकडंच बघायचं. कुठं बी बघायचं न्हाय."

उजवा डोळा झाला. मग डावा.

"दिसती का फुली?"

"तुझा हात काढ की मधनं. फुली त्याच्याआड गेली."

"कुणाचा हात?"

"तुझाच. बांगड्या भरायला करतात तसा पुढं केलायस."

पंखा कुरकुरत होता.

"चाची, माझा एक हात हितं दांडीवर हाय. आन् दुसऱ्यानं तुमची पापणी वर धरलीया."

खरंच होतं. पापणीवर तिची बोटं होती. बिस्मिल्लाबीला ती जाणवत होती. आणि त्या बोटांच्या पलीकडं, करड्या डागाच्या मधोमध, एक हात तिच्याकडं करून कुणीतरी थांबलं होतं.

तिनं डोकं झटकन मागं घेतलं. हात गेला. खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं.

मॅडमनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. "असं होतं, मावशी. डोळ्याला जिथं दिसत नाही, तिथं मेंदू आपल्या मनानं काहीतरी भरतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला माणसं. तुम्ही आयुष्यभर हात बघितलेत, तुम्हाला हात दिसला."

"मग हलवायाला लाडू दिसत असतील," बिस्मिल्लाबी म्हणाली.

त्यावर मात्र सगळ्या हसल्या. बिस्मिल्लाबीलाही बरं वाटलं. येताना तिनं मंडईतून शबीनाला आवडतात म्हणून पेरू घेतले.

३

मेंदू भरतो म्हटल्यावर भीती वाटायचं कारण नव्हतं. तरी ती रोज बघायची. सकाळी चहा झाला की उजवा डोळा पदरानं झाकायचा आणि समोरच्या भिंतीकडं बघायचं. डाग यायचा. डागात हात असायचा.

मनाचा खेळ असता तर कधी जयवंताक्काचा हात दिसला असता, कधी शबीनाचा. हा हात रोज एकच होता. डावा. सव्वादोनचं माप, फारतर त्याहून बारीक. पोरसवदा. आणि बिस्मिल्लाबीला आधी खटकलं ते हे, की त्या मनगटावर बांगडीची खूणच नव्हती. बांगड्या घालणाऱ्या बाईच्या मनगटावर एक उजळ, गुळगुळीत पट्टा उमटतो. बांगड्या उतरवल्या तरी तो वर्षानुवर्षं जात नाही. या मनगटाला कधी काच लागलीच नव्हती.

बोटांची टोकं सुरकुतली होती. नदीवर धुणं धुऊन आलेल्या बाईची असतात तशी, पांढुरकी आणि फुगलेली. हाताच्या पाठीवर बारीक बारीक पांढरे ठिपके होते. विस्कटलेले नव्हते, ओळीनं होते. उदबत्तीनं कुणी डागावं तसे.

"कुणी गं डागलं तुला?" एके दिवशी चुलीपुढं तिच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाशी बोलताय, अम्मी?" शबीनानं आतून विचारलं.

"तव्याशी. तापत न्हाय मेला."

दुपारी आवाज यायचा. शबीना झोपलेली असायची, मुलगा अल्ताफ पिकअप घेऊन भाड्याला गेलेला असायचा, आणि पुढच्या खोलीत बांगड्या किणकिणायच्या. एखाद्यानं फळीवरून नुसतं बोट फिरवावं तशा. पहिल्यांदा तिला उंदीर वाटला. मग पंख्याचं वारं वाटलं. एका दुपारी लाइट गेली होती, पंखा थांबला होता, वाऱ्याची झुळूक नव्हती. तेव्हाही आवाज आला. ती उठून दारात उभी राहिली. वरच्या फळ्या शांत होत्या. खालच्या फळीवर, लहान मापाच्या हिरव्या बांगड्या अजून हलत होत्या.

उंदीरच असेल, ती स्वतःला म्हणाली. उंदीर खालच्याच फळीवर येणार.

दुकान मात्र चालू होतं. ती उजव्या डोळ्यावर काम ओढत होती. नवीन कुणी आली की शबीनाला पुढं करायची, म्हणायची, "सुनेचा हात बसू दे जरा." आणि दर जुम्म्याला दुवा मागताना एकच मागायची. लोणी भापकरच्या पोरीचा चुडा माझ्या हातानं होऊ दे. तिथं एक जरी बांगडी वाढली, तरी पुढं त्या घरात मला कुणी बोलवायचं नाही. पोरीच्या चुड्यात वाढलेली बांगडी लोक पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवतात.

४

लग्न जवळ आलं तेव्हा पुन्हा फोटोची तारीख होती. या वेळी मॅडमनी तिला आपल्या शेजारी, पडद्यासमोर बसवलं. शबीना औषधाच्या रांगेत होती. छकुली मागं भिंतीला टेकून उभी होती.

"आता आधीचे सगळे फोटो एकावर एक ठेवून कॉम्प्युटर अंदाज सांगतो, मावशी. पाणी पुढं काय करेल त्याचा. बघा, हा तुमचा पडदा."

पडदा केशरी होता, संध्याकाळच्या आभाळासारखा. त्यावर लाल शिरा, आणि मधल्या भागात बारीक पांढरे ठिपके. ओळीनं.

"हे ठिपके कसले?" बिस्मिल्लाबीचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"ते आपण दिलेले लेसरचे चटके. त्यांच्या खुणा राहतात."

तिला आधी भीती वाटली नाही. आधी वाटलं ते वाईट. चुलीपुढं आपण विचारलं होतं, कुणी डागलं. आपणच की.

मॅडमनी दुसरं चित्र लावलं. सुजलेला भाग लाल-पिवळा, कोरडा भाग हिरवा. लेसरच्या आधी तो लाल भाग गोल होता, डबक्यासारखा. नंतरच्या फोटोत त्याला फाटे फुटले होते. त्याच्या पुढच्या फोटोत फाटे लांबले होते.

"पडद्याला चुण्या पडतात, त्यानं असा आकार येतो," मॅडम म्हणाल्या. "आणि हा पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज. तुटक रेघेनं दाखवलाय तो."

फाटे एकमेकांजवळ आले होते. चार शेजारी शेजारी, टोकं जुळलेली. पाचवा, आखूड, आत दुमडलेला.

मॅडम सांगत होत्या, "आकार लहान होतोय, पण पाणी जात नाहीये. म्हणजे हा आजार जुनाट होणार, असं दिसतंय." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण बिस्मिल्लाबी ती तुटक रेघ बघत होती. बांगडी चढवायच्या आधी ती प्रत्येकीला सांगायची, अंगठा आत घे, बोटं जवळ आण, कळीसारखी कर. पुढं केलेला हात आता कळी करून तयार बसणार होता.

तिनं मागं वळून बघितलं. छकुलीची नजर पडद्यावर खिळली होती, आणि तिचा स्वतःचा डावा हात, तिच्या नकळत, ओढणीवर तशीच कळी होऊन बसला होता.

"उद्या सकाळी या," मॅडम म्हणाल्या. "मध्याजवळ पुन्हा लेसर देऊ. बाजूचं सगळं वाचेल. नेमकं मधलं मात्र विझल्यासारखं होईल."

"माझं काम..."

"उजवा डोळा अगदी छान आहे तुमचा. आत्ताच बघितला मी, एक थेंब पाणी नाही. एका डोळ्यावर माणसं किती कामं करतात, मावशी."

बाहेर बाकावर छकुली तिच्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ नुसत्या बांगड्या मागंपुढं करत राहिली.

"चाची, आमच्याकडं धरणाचं पाणी उतरलं ना, की गाळात बांगड्यांचे तुकडे घावायचे. हिरवे. आमी पोरी त्याचा खेळ मांडायचो. आई म्हणायची, तितंच खेळा. घरात आणू नका."

"का?"

"कधी सांगितलं न्हाय तिनं." तिनं बांगड्या मनगटावर घट्ट दाबून धरल्या. "मी कधी इचारलं बी न्हाय."

५

दुपारी ती घरी आली तेव्हा डोळ्यांतल्या थेंबांमुळं उजेड सुईसारखा टोचत होता. तिनं पुढच्या खोलीचा पडदा ओढला आणि सतरंजीवर आपल्या जागी बसली.

आता तिनं नीट विचार केला. मॅडम म्हणतात तसा मेंदू असेल, तर उद्याच्या लेसरनं काही बिघडत नाही. आपलंच मन, आपलाच डोळा. आणि मेंदू नसेल, तर? तर कुणीतरी गेले कित्येक आठवडे हात पुढं करून बसलंय. भाजलेला हात घेऊन बसलंय, तक्रार न करता. आणि उद्या सकाळी आपण जाऊन त्याच हातावर पुन्हा चटके देणार.

तिची सासू सांगायची, पुढं आलेला हात रिकामा पाठवायचा न्हाय. एकदा एका वेडसर भिकारणीनं दारात हात केला होता. तेव्हा सासूनं तिला सतरंजीवर बसवून, हात धुऊन, दोन्ही हात भरून दिले होते. शेजारणी नाकं मुरडत होत्या. सासू म्हणाली होती, हात कुणाचा हाय ते आपुन बघायचं न्हाय. माप बघायचं.

"माप सव्वादोन," बिस्मिल्लाबी स्वतःशी म्हणाली.

ते बोलल्याबरोबर ती फळीकडं वळली. कारण खालच्या फळीवरून बांगड्यांचा आवाज आला. या वेळी बोट फिरवल्यासारखा नाही. होकार दिल्यासारखा, एकदाच.

पळून आत जावं, शबीनाच्या शेजारी जाऊन बसावं, असं तिला फार वाटलं. पण गिऱ्हाईक समोर असताना उठून जायची तिला सवयच नव्हती.

६

तिनं खालच्या फळीवरून हिरव्या बांगड्यांचा दोऱ्यात बांधलेला जुडगा घेतला. दोरा सोडला. मग पदर उजव्या डोळ्यावरून घट्ट ओढून घेतला आणि समोर बघितलं.

हात होता. कॉम्प्युटरनं सहा महिन्यांनी म्हणून दाखवला होता तसा, आत्ताच. अंगठा आत, बोटं जुळलेली. जरा थरथरत होता.

"घाबरू नको," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही नीट कळलं नाही.

तिनं पहिली बांगडी पुढं नेली. डागात शिरताच बांगडी दिसेनाशी झाली. त्यात नवल नव्हतं, डागात सगळंच दिसेनासं व्हायचं. पण तिची बोटं बांगडीबरोबर आत गेली होती, आणि बोटांना गार लागलं. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखं गार. मग त्या गारव्यात मऊ काहीतरी. अंगठ्याखालचा उंचवटा.

तिला हात मागं घ्यावासा वाटला. हात मात्र थांबले नाहीत. हातांना काम माहीत होतं. अंगठ्यानं उंचवटा दाबायचा, कातडी मागं ओढायची, बांगडी गोल फिरवत वर न्यायची.

"ढिला सोड. हात ढिला सोड, बाळा. अंग आखडू नको, दुखंल."

बांगडी चढली. न वाढता. मग दुसरी. भाजलेल्या ठिपक्यांवरून नेताना तिनं आपलं बोट मधे धरलं, काच घासू नये म्हणून. तिसरी, चौथी. हळूहळू तो हात सैल पडत गेला. लग्नाच्या पोरीचा पडतो तसा. आधी घाबरतात, मग विश्वास टाकतात. बिस्मिल्लाबीच्या झाकलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती भरत होती. इतकी सरळ, इतकी हलकी बांगडी तिनं कित्येक महिन्यांत भरली नव्हती.

"अम्मी, कोण आलंय?" शबीनानं आतून विचारलं. म्हणजे आवाज तिलाही जात होता.

"गिऱ्हाईक हाय."

शेवटी शकुनाची एक जादा चढवली. जुडगा संपला. हात डागात मागं सरकला, आणि मागं सरकताना बांगड्या किणकिणल्या. फळीवरच्या नाही. मनगटावरच्या. मनगटावरच्या बांगड्यांचा आवाज वेगळा असतो, मांसाला लागून आल्यानं जरा दबका.

संपलं, असं तिला वाटलं. पदर काढणार, एवढ्यात डागाच्या खालच्या कडेनं काहीतरी वर आलं.

केस होते. ओले, चापून बसवलेले, मधोमध पांढरा स्वच्छ भांग. चेहरा नव्हता, कारण डोकं खाली वाकलं होतं. ते आणखी वाकलं. बिस्मिल्लाबीच्या पावलांवर कपाळ टेकलं, आणि केसांतलं पाणी तिच्या बोटांमधून सतरंजीवर उतरलं.

तिचा हात, आपोआप, त्या भांगावर टेकला. आणि तिच्या तोंडानं, आपोआप, रोजचं वाक्य म्हटलं.

"सुखी राहा. पुन्हा भरायला ये."

पदर सुटला. समोर रिकामी सतरंजी होती, उकिडवं बसलेल्या माणसाएवढी ओली. दोरा तिच्या मांडीवर होता. बांगडी एकही नव्हती, ना वर ना खाली.

रात्री जेवताना शबीना म्हणाली, "सतरंजीवर तांब्या उलटला का, अम्मी? किती पाणी! आन् गिऱ्हाईक लवकर उठलं. एवढ्यात झाले दोन्ही हात?"

बिस्मिल्लाबीचा घास हातातच राहिला.

७

सकाळी शबीना तिला दवाखान्यात घेऊन गेली. लेसरच्या आधी छकुलीनं दोन्ही डोळ्यांचे फोटो घेतले. डाव्या डोळ्यातलं पाणी पूर्ण सुकलं होतं, चित्रात सगळं हिरवं होतं, आणि मॅडम दोनदा म्हणाल्या की अंदाज इतका चुकलेला त्यांनी कधी पाहिला नाही, पण असा चुकला तर आनंदच आहे. बिस्मिल्लाबीला छकुलीच्या हनुवटीवरचा तीळ दिसत होता. उजव्या डोळ्याच्या वेळी छकुलीनं विचारलं, "फुली दिसती का, चाची?" आणि बिस्मिल्लाबीला फुली दिसली नाही, कारण फुलीच्या जागी उजवा हात होता, मोकळा, कळी केलेला, आणि त्याच्या मागं कुठंतरी हिरव्या बांगड्या दबक्या वाजत होत्या. मॅडमनी चित्र बघितलं आणि म्हणाल्या की उजव्या डोळ्यात मध्यावर थोडं पाणी आलंय, कालपर्यंत नव्हतं, साखर असली की असं होतं, या डोळ्याला आजच लेसर देऊ. बिस्मिल्लाबी नको म्हणाली. ती घरी आली, वाळलेली सतरंजी झटकून अंथरली, खालच्या फळीवरून सव्वादोनच्या हिरव्या बांगड्यांचा दुसरा जुडगा घेतला आणि डावा डोळा पदरानं झाकला.